विचारा बिनधास्त : एका पडद्यासमोरचे भूलभुलैये

मागच्या अंकात मी जुन्या कॉम्प्युटरवरच्या भूलभुलैयाच्या गेमबद्दल चारच ओळी लिहिल्या होत्या, की हे गेम एकट्यानं खेळायचे नाहीतच, शेजारी कुणीतरी माणूस बसलेलं पाहिजे, आणि कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. परभणी, लातूर, नांदेड, जालना, सगळीकडून आलीत. सगळी छापायला जागा नाही, म्हणून ज्यात बाकीच्यांचे पण प्रश्न येऊन जातात अशी निवडलीत.

परभणीहून एक शिक्षक लिहितात : दादा, १९९५-९६ ची गोष्ट असंल. आम्ही कॉम्प्युटरचा कोर्स करायला जायचो, चपला बाहेर काढायच्या, आत एसी आणि दहा-बारा कॉम्प्युटर. सर चहाला गेले की पोरं एक गेम लावायची, त्यात चित्र म्हणून काही नव्हतंच, नुसत्या रेघा न अक्षरं, पण भिंतीभिंतीतून पळायचं आणि एकमेकाला गोळ्या घालायच्या, मी इकडं दाबलं की चार खुर्च्या सोडून बसलेला मित्र तिकडून ओरडायचा. पोराला सांगतो तर तो म्हणतो बाबा तेव्हा इंटरनेट कुठं होतं तुमच्याकडं. काय होतं ते?

सर, पोराला सांगा बाबा खरं बोलतायत. वर्णनावरून तो स्नाइप्स. १९८३ च्या सुमारास अमेरिकेतल्या युटा राज्यात सुपरसेट नावाच्या छोट्या गटानं तो लिहिला, आणि गंमत म्हणजे ह्याच मंडळींनी पुढं नोवेल कंपनीसाठी नेटवेअर लिहिलं, म्हणजे तुमच्या लॅबमधले सगळे कॉम्प्युटर ज्याच्या जोरावर एका सर्व्हरला, म्हणजे मुख्य कॉम्प्युटरला, जोडलेले होते ती सिस्टीम. स्नाइप्स त्या नेटवेअरच्या सोबतच यायचा, म्हणून कुणी आणला, कुठून आणला असा प्रश्नच नव्हता, तो सर्व्हरवर आधीच पडलेला असायचा, फक्त कुणालातरी नाव माहीत पाहिजे. रंगीत पडद्यासाठी वेगळी फाईल आणि काळ्या-पांढऱ्यासाठी वेगळी. सुरू करताना एक अक्षर आणि एक आकडा द्यायचा, त्यावरून गेम किती अवघड ते ठरायचं. अ‍ॅरो कीनं चालायचं, डाव्या हाताच्या अक्षरांनी गोळी मारायची, म्हणजे चालायचं एका दिशेला आणि मारायचं दुसऱ्याच दिशेला हे जमायचं. हे ज्याला जमलं तो लॅबचा राजा.

चित्र नव्हतं म्हणून तो कमी होता असं मला अजिबात वाटत नाही. पडदा टेक्स्ट मोडमध्ये, भिंतीसुद्धा टेबलाच्या चौकटी आखायच्या चिन्हांनी काढलेल्या, त्यामुळं त्या काळच्या साध्या मशीनवर पण तो सुसाट पळायचा. आणि वायर आठवते का सर? काळी गोल वायर, टीव्हीच्या केबलसारखी, एका मशीनकडून दुसऱ्याकडं जाणारी, प्रत्येक मशीनच्या मागं इंग्रजी टी सारखा पितळी जोड आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचं टोपण. त्यातला एक जोड कुणाच्या पायानं निघाला की अख्खी लॅब बंद. मी ज्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकलो तिथं एकदा भर डावात माझ्याच पायानं तो निघाला, अकरा जणांचे पडदे एकदम गोठले आणि मी टेबलाखाली वाकून चाचपडत तो जोड परत बसवला, हाताला धूळ आणि वर सगळ्यांचा आरडाओरडा. ती वायर हाताला कशी लागते ते अजून आठवतंय. एकट्यानं खेळायचा स्नाइप्स आज डॉसबॉक्स नावाच्या, जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर चालतो, लावून दाखवा पोराला, आणि त्याला म्हणावं गोळी आणि पाय वेगवेगळ्या दिशेला चालवून दाखव.

लातूरहून एक वाचक : माझा भाचा म्हणतो की १९८७ ला सोळा जणांनी सोळा कॉम्प्युटर जोडून एकाच भूलभुलैयात खेळायचा गेम होता आणि तो पण गाण्याच्या वायरीनं. मी शंभर रुपयाची पैज लावून बसलोय की हे खोटं आहे.

शंभर रुपये भाच्याला देऊन टाका मामा. गेमचं नाव मिडी मेझ, मशीन अटारी एसटी नावाचा घरचा कॉम्प्युटर, बनवला झँथ सॉफ्टवेअर एफएक्स नावाच्या छोट्या कंपनीनं आणि विकला हायब्रिड आर्ट्सनं, जी खरं म्हणजे संगीताचं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी होती. १९८५ ला आलेल्या अटारी एसटीला मागच्या बाजूला दोन गोल भोकं कंपनीतूनच यायची, मिडी इन आणि मिडी आउट, सिंथेसायझर जोडायला. संगीतवाल्यांसाठी केलेली सोय. ह्या पोरांनी काय केलं, माझ्या मशीनचा आउट तुझ्या इनमध्ये, तुझा आउट पुढच्याच्या इनमध्ये, असं करत करत शेवटच्याचा आउट परत पहिल्याच्या इनमध्ये, झालं रिंगण. एक मशीन मास्टर, बाकीचे त्याच्या मागं. मध्ये एक जरी बंद पडलं तरी रिंगण तुटलं, सगळ्यांचा खेळ थांबला, म्हणजे परभणीच्या सरांच्या काळ्या वायरीसारखीच तऱ्हा.

आता खरी बघण्यासारखी गोष्ट. मिडीच्या वायरीतून सेकंदाला फक्त ३१,२५० बिट जातात, म्हणजे साधारण तीन हजार अक्षरं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा दीडशे केबीचा एक फोटो त्यातून पाठवायचा म्हटलं तर पाऊण मिनिट जाईल. मग सोळा जणांचा खेळ कसा मावला? तर त्यांनी चित्र पाठवलंच नाही, कोण कुठं उभाय ते पण पाठवलं नाही, प्रत्येक जणानं फक्त आपली जॉयस्टिक आत्ता कुठं दाबलीय एवढंच पुढं सरकवायचं, आणि भिंती, गोळ्या, कोण मेलं हे सगळं प्रत्येक मशीन आपापल्यापाशी काढून घेणार. फोनवर बुद्धिबळ खेळणारे दोघं अख्खा पट थोडीच सांगतात, नुसती चाल सांगतात, दोघांच्या घरी पट सारखाच मांडलेला असतो. तसंच हे. मला ही युक्ती त्या अख्ख्या गेमपेक्षा सुंदर वाटते.

आणि हा वरून बघायचा गेम नाही, मामा. नॅमकोचा १९८० चा पॅकमॅन घ्या, त्यात अख्खा भूलभुलैया वरून दिसतो, आणि दोन खेळाडू म्हणजे तुझं झालं की माझी पाळी. मिडी मेझमध्ये तुम्ही आत उभे असता. दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारीत गेला असाल ना? नकाशावर तो रस्ता केवढासा, पण आत शिरलं की वळण कुठं, पायरी कुठं, पुढं माणूस आहे का भिंत काही कळत नाही, वटवाघळांचा वास येतो आणि हात आपोआप भिंतीला जातो, शत्रूची तीच गत व्हावी म्हणून तर बांधलीय ती. मिडी मेझमध्ये कोपऱ्यावरून एक गोल हसरं तोंड समोर येतं, तो तुमचा शेजारीच असतो, आणि तो गोळी मारायच्या आधी तुम्ही मारायची. आतून बघायची ही कल्पना पण त्यांची पहिली नाही, १९७३-७४ ला अमेरिकेत नासाच्या एम्स केंद्रात इमलॅक नावाच्या मशीनवर तिथल्या पोरांनी मेझ वॉर केला होता, दोन मशीन वायरीनं जोडून. पण ती मशीन प्रयोगशाळेतली, आणि अटारी एसटी लोकांच्या घरातली, हा फरक फार मोठा आहे. पुढं १९९१ ला हाच खेळ फेसबॉल २००० नावानं गेमबॉयवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या मशीनवर पण आला.

भाच्याला अजून एक सांगा, मिडी मेझचे नकाशे म्हणजे साध्या टेक्स्ट फाईल होत्या, ज्याला पाहिजे त्यानं नवा भूलभुलैया लिहावा. आज खेळून बघायचा असेल तर हटारी नावाचा एमुलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम आहे, त्यात मिडीची सोय आहे, पण दोन मशीनचं रिंगण जुळवायला भाच्याची एक अख्खी दुपार जाईल, ते शंभर रुपये त्याला त्याचसाठी द्या.

नांदेडहून एक ताई : घरात एकच जुना लॅपटॉप, पोरं दोन. दोघं एकाच कीबोर्डवर बॉम्ब ठेवायचा भूलभुलैयाचा गेम खेळतात. धाकटा सारखा रडतो की दादानं दाबलं की माझा माणूस चालतच नाही, मोठा म्हणतो खोटं बोलतो. खरं कोण?

धाकटा खरं बोलतोय ताई. त्याला आधी जवळ घ्या.

कीबोर्डच्या आत प्रत्येक बटणाला वेगळी वायर नसते. चौकटीच्या वहीसारख्या आडव्या-उभ्या रेघा असतात आणि बटण दाबलं की एक आडवी न एक उभी रेघ एकमेकीला चिकटतात, त्यावरून कॉम्प्युटर ओळखतो की कुठलं बटण. दोन बटणांपर्यंत सगळं ठीक. तिसरं असं दाबलं गेलं की तिन्ही मिळून एका चौकोनाचे तीन कोपरे झाले, तर कॉम्प्युटरला चौथा कोपरा पण दाबल्यासारखाच दिसतो. ही भुताटकी नको म्हणून स्वस्तातले कीबोर्ड अशा वेळी तिसरं बटण सरळ गिळून टाकतात. दादा वर आणि बॉम्ब एकदम दाबून बसला की धाकट्याचं बटण पोटात गेलं. मुद्दाम नाही करत बिचारा.

उपाय असा करा. शिफ्ट, कंट्रोल, अल्ट ही बटणं बहुतेक कीबोर्डात वेगळी जोडलेली असतात, तर दोघांच्या बॉम्बसाठी तीच द्या, एकाला डावा कंट्रोल, दुसऱ्याला उजवा. शिफ्ट देऊ नका, पाचदा पटपट दाबलं की विंडोज मध्येच खिडकी उघडून विचारतं स्टिकी कीज पाहिजे का, आणि मग नवीन भांडण. चालायची बटणं कुठली ठेवायची ते बघायला नोटपॅड उघडा, एकानं आपली दोन धरून ठेवायची, दुसऱ्यानं आपलं एक दाबायचं, अक्षर उमटलं तर ती जोडी चांगली. पण खरं सांगू का, एक साधा यूएसबीचा गेमपॅड आणा आणि तो धाकट्याच्या हातात द्या. लॅपटॉपसमोर दोघं मांडीला मांडी लावून बसतात ते मोडू नका फक्त, दोन मोबाईल देऊन दोन कोपऱ्यांत पाठवू नका त्यांना.

ते बॉम्बवाले सगळे गेम ज्याच्यावरून आले तो बॉम्बरमॅन पण घरच्या कॉम्प्युटरवरच जन्मला बरं का, जपानच्या हडसन सॉफ्टनं १९८३ ला काढला, टीव्हीला जोडायच्या मशीनवर तो नंतर गेला.

छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक : काकांच्या माळ्यावर पुण्याचा डीबी स्पेक्ट्रम नावाचा जुना कॉम्प्युटर सापडला, वर धूळ, सोबत दोन कॅसेट, चार्जर नाही. मोबाईलचा नाहीतर वायफायचा चार्जर लावून बघू का?

नका लावू, थांबा! हात जोडतो. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात आणि त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो, आजचे जवळजवळ सगळे अडॅप्टर मधून धन असतात. उलटं लावलं तर काकांची मशीन गेली. अडॅप्टरवर एक छोटं चित्र असतं, गोलाच्या मध्ये ठिपका, ते बघून आणि मल्टिमीटरनं तपासूनच लावा, आणि करंट दीड अँपिअरच्या आसपास देणारा घ्या.

तुमच्याकडं आहे ती भारतातली खरी आठवण आहे. ब्रिटनच्या सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम प्लस पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनं परवाना घेऊन १९८६ च्या सुमारास इथं काढला, तोच हा. ४८ केबी मेमरी, त्यात सगळं. कीबोर्डच्या खाली प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात माळ्यावर पडून तो पापडासारखा कडक होतो, म्हणून उघडताना त्याची पट्टी ओढू नका, मोडते. तो नवा मिळतो. टीव्हीला अँटेनाच्या भोकातून जोडायचं, ३६ नंबरच्या चॅनेलजवळ शोधायचं, नवीन टीव्हीत अ‍ॅनालॉग ट्यूनर असेल तरच दिसेल. कॅसेटचं म्हणाल तर आधी त्या मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून ठेवा, टेप दरवेळी चालवली की झिजते, आणि मग मोबाईलच्या हेडफोनच्या भोकातून स्पेक्ट्रमच्या इअर लिहिलेल्या भोकात, आवाज जवळजवळ फुल. कडेला पट्टे पळायला लागले आणि तो चिरका आवाज सुरू झाला की काकांना हाक मारा, त्यांना तो आवाज दुसऱ्या खोलीतून ओळखू येईल.

धाराशिवहून एक काकू : नातवंडं जुने गेम खेळतात ते मला आवडतं, पण दोघांनी मिळून राक्षस मारायचे तर हे एकमेकालाच मारतात. मारामारी न होता मिळून खेळायचा भूलभुलैया सांगा.

काकू, ते कदाचित विझर्ड ऑफ वॉर खेळत असतील, त्यात खेळच तसा आहे, सोबत्याला मारलं तर हजार गुण मिळतात, कोण सोडील? तुम्ही त्यांना गाँटलेट लावून द्या. १९८५ ला अटारी गेम्सनं काढला, गेमच्या दुकानातल्या मशीनवर चौघं एकदम उभे राहून खेळायचे, योद्धा, वीरांगना, जादूगार आणि एल्फ, घरच्या कॉम्प्युटरवर आला तेव्हा दोघांचा झाला. त्याच्या आधी १९८३ ला डँडी नावाचा तसाच गेम घरच्या अटारी कॉम्प्युटरवर होता, त्या अटारी ८०० ला जॉयस्टिकची भोकंच चार होती म्हणून चौघं घरी बसून खेळू शकायचे, आणि गाँटलेटला कल्पना तिथूनच मिळाली.

गाँटलेटमध्ये जीव आपोआप कमी होत राहतो, नुसतं उभं राहिलं तरी, आणि वाढवायचा तर वाटेत पडलेलं जेवण खायचं. जेवण एकच, खाणारे दोन. ज्याचा जीव कमी त्याला सोडायचं का आपण पळत जाऊन खायचं, हे पोरांना तिथल्या तिथं ठरवावं लागतं, आणि चुकून जेवणाला गोळी लागली तर कुणालाच नाही. भांडण होणारच काकू, पण ते ताटावरून होईल, आणि दुसऱ्या दिवशी बघा, मोठं नातवंड म्हणेल तू खा, माझ्याकडं आहे अजून. माझ्या घरी असंच झालं होतं.

हिंगोलीहून एक विद्यार्थी : हे गेम फुकट डाउनलोड केले तर चालतं का, इतके जुने झालेत.

जुना झाला म्हणून हक्क संपत नाही रे, कॉपीराइटची मुदत कित्येक दशकांची असते, त्या मानानं हे गेम अजून तरुण आहेत. बरेच जुने गेम आज रीतसर विकत मिळतात, थोडक्या पैशात. ज्यांनी स्वतः फुकट सोडलेत ते खुशाल घे. अटारी एसटीचा एमुलेटर चालवायला मूळ सिस्टीमच्या ऐवजी इमुटॉस नावाची मोफत सिस्टीम आहे, ती वापर.

जालना जिल्ह्यातून जिल्हा परिषद शाळेतले एक गुरुजी : आठवीच्या पोरांकडून दोघा-चौघांनी खेळायचा भूलभुलैयाचा गेम बनवून घ्यायचाय. शाळेत तीन कॉम्प्युटर, लाईटचा भरवसा नाही. सुरुवात कुठून करू?

गुरुजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि सगळ्यात जास्त वेळ ह्याच उत्तराला दिला.

भूलभुलैया करायची नेहमीची रीत अशी. चौकटीच्या वहीत सगळ्या चौकोनांना चारी बाजूंनी भिंत आहे असं धरा. एका चौकोनात पेन्सिल ठेवा, शेजारचा न गेलेला कुठलातरी चौकोन निवडा, मधली भिंत खोडा, तिथं जा. असंच पुढं. अडकलात, की आल्या वाटेनं मागं या, जिथं न गेलेला शेजारी सापडेल तिथून परत सुरू. सगळे चौकोन झाले की भूलभुलैया तयार, आणि कुठूनही कुठं जायला त्यात बरोब्बर एकच वाट असते. पोरांना हे लई आवडतं.

पण हा एकट्यानं सोडवायचा भूलभुलैया झाला. पळापळीच्या खेळाला तो चालत नाही, कारण त्यात बंद गल्ल्या फार, आणि मागं माणूस लागलेला असताना बंद गल्लीत शिरलं की संपलं, त्यात हुशारी काही नाही. पॅकमॅनचा नकाशा नीट बघा, पळायच्या वाटेत बंद गल्ली एक पण नाही. म्हणून प्रत्येक बंद गल्लीच्या टोकाची अजून एक भिंत खोडायला सांगा. आणि दोघांना न्याय पाहिजे म्हणून अर्धाच नकाशा काढा, कागद मध्यावर घडी घालून दुसऱ्या अर्ध्यावर तसाच उतरवा, मग तुझा कोपरा सोपा न माझा अवघड हे कुणी म्हणू शकत नाही.

पहिल्यांदा तर त्याहून सोपं घ्या, बॉम्बच्या गेमसारखं. कडेची भिंत धरून १५ बाय १३ चौकटी, आत एक सोडून एक असे ३० खांब, चार कोपऱ्यांत चार खेळाडू, आणि मध्ये बॉम्बनं फुटणाऱ्या भिंती घातल्या तरी प्रत्येकाच्या कोपऱ्याची चौकट आणि तिच्या शेजारच्या दोन रिकाम्याच ठेवायच्या, नाहीतर पहिलाच बॉम्ब ठेवून पोरगं जागेवर मरतं. स्क्रॅच नावाच्या, ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या भाषेत होतं हे, पायथन ही लिहून प्रोग्रॅम करायची भाषा येत असेल तर त्यात अजून बरं. पोरं एकाच ठिकाणी हमखास अडकतील, माणूस कोपऱ्यावर वळतच नाही म्हणून तक्रार येईल, कारण बटण चौकटीच्या थोडं आधी दाबलेलं असतं. त्यांना सांगा, आधी दाबलेली दिशा लक्षात ठेवा आणि माणूस चौकटीच्या बरोबर मध्यावर आला की वळवा.

आणि कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी एक आठवडा फरशीवर खडूनं हेच आखा. खेळाडू म्हणून चिंचोके, बॉम्ब म्हणून बाटलीची बुचं, फासा टाकून पाळीपाळीनं एकेक चौकट चालायचं, बॉम्ब तीन पाळ्यांनी फुटतो असं ठरवायचं. नियम कुठं फसतात ते पोरांना तिथंच कळतं, लाईट गेली तरी तास बुडत नाही, आणि जे नियम फरशीवर टिकतील तेवढेच मशीनवर चढवा. नकाशा तयार झाला की मला पाठवा, पुढच्या अंकात इथंच छापतो.